शेतात, घराच्या पायात, वाड्याच्या भिंतीत गुप्तधन सापडलं तर: मालकी कोणाची आणि पहिल्या दिवशी काय करायचं?

शिवारकर
विहिरी, शेततळी, घरांचे पाये, जुने वाडे पाडणं, सगळीकडे आता जेसीबी लागतो. खोदाई वाढली तसं मडकं निघालं, हंडा निघाला, हेही वारंवार कानावर येतं. गावात यावर दोन ठाम मतं असतात. पहिलं, "सरकार सगळं घेऊन जातं, तोंड बंद ठेवा." दुसरं, "सातबारा माझा, म्हणजे खालचंही माझं." माझ्या वाचनाप्रमाणे दोन्ही चूक आहेत आणि दोन्हींपायी लोक अडचणीत येतात. कायदा, महसूल आणि पुरातत्त्व यांतल्या जाणकारांनी इथे नेमकं लिहावं. कळवायचं कोणाला, वाटा किती, आणि कुठे फसतं?

दिवाणी_दावा
मूळ कायदा भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. दीडशे वर्षांचा होत आला तरी महाराष्ट्रात तोच लागू आहे. कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा कायदा आहे, केरळचा १९६८ चा. त्यामुळे सीमेपलीकडे जमीन असलेल्यांनी खालचे आकडे तिकडे लावू नयेत.

आधी व्याख्या, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात. निधी म्हणजे जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वस्तूत दडवलेली, काहीही किंमत असलेली कोणतीही चीज. सोनंच पाहिजे असं नाही. ताम्रपट, पितळी समई, दगडी मूर्ती, शिशाची नाणी, सगळं त्यात बसतं. "जमिनीला जोडलेली वस्तू" म्हणजे भिंत, जोतं, विहिरीचं बांधकाम. म्हणून वाड्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात लिंपून ठेवलेला डबा निधी ठरतो, पण त्याच वाड्यातल्या जुन्या सुट्या कपाटाच्या चोरकप्प्यातली पुतळ्यांची माळ निधी नव्हे. तिथे साधा वारसाहक्क लागतो. रस्त्यात पडलेलं पाकीट किंवा अंगठीही निधी नव्हे. ती दडवलेली नसते, हरवलेली असते. तिथे करार अधिनियम, १८७२ चं कलम ७१ लागतं आणि सापडवणाऱ्यावर दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याची जबाबदारी येते.

किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असली की कळवणं बंधनकारक. १८७८ मध्ये १० रुपये ही रक्कम होती. आज त्याचा अर्थ एकच, जे निघेल ते कळवा.

कलम ४ प्रमाणे सापडवणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यायची. त्यात तीन गोष्टी: वस्तूंचं स्वरूप आणि अंदाजे किंमत, जागा, तारीख. शिवाय दोनांपैकी एक करायचं. ऐवज जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा, किंवा मागाल तेव्हा हजर करीन म्हणून जिल्हाधिकारी ठरवतील ते तारण द्यायचं. तोंडी सांगितलं, सरपंचांना दाखवलं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, यातलं काहीही सूचना म्हणून धरलं जात नाही.

शिवारकर
आणि वाटा? सगळं सरकारजमा होतं असंच ऐकत आलोय.

दिवाणी_दावा
नाही. ही समजूत जितकी लवकर जाईल तितकं बरं. निधी बेवारस ठरला, जागेचा मालक वेगळा असला, आणि दोघांत निधीच्या वाटणीचा काही करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, एक चतुर्थांश जागामालकाला (कलम १२). करार असेल तर त्याप्रमाणे. जागेवर दुसऱ्या कोणी मालक म्हणून हक्क सांगितलाच नाही, तर सगळं सापडवणाऱ्याला (कलम ११). स्वतःच्या शेतात स्वतःला सापडलं तर तोच सापडवणारा आणि तोच मालक.

सरकारचा हक्क वेगळ्या वाटेने येतो. कलम १६ प्रमाणे, बेवारस ठरवल्यानंतर आणि वाटप होण्याआधी, जिल्हाधिकारी पूर्ण निधी किंवा त्याचा काही भाग सरकारसाठी विकत घेऊ शकतात. दर: त्यातल्या धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. धातूची किंमत १,००,००० रुपये धरली तर सरकार १,२०,००० देणार. त्यातले ९०,००० सापडवणाऱ्याचे, ३०,००० जागामालकाचे.

आता न कळवण्याचं काय होतं ते. कलम २०: सूचना दिली नाही, ऐवज जमा केला नाही वा तारण दिलं नाही, किंवा ओळख पुसावी म्हणून वस्तूत फेरफार केला (वितळवणं त्यातच आलं), तर त्याचा पूर्ण वाटा सरकारजमा, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जागामालकाने लपवायला मदत केली तर कलम २१: त्याचाही वाटा गेला आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे "सरकार घेऊन जातं" या भीतीने जो गप्प बसतो, त्याचंच सरकार खरोखर घेऊन जातं.

टांकसाळ
याचं ठळक उदाहरण पिंपरी-चिंचवडमधलं चिखली. मार्च २०२१ मध्ये पोलिसांनी २१६ सोन्याची नाणी ताब्यात घेतली, एकूण वजन २,३५७ ग्रॅम. बांधकामाच्या जागेच्या मातीत मिळालेली, पण कळवण्याऐवजी घरात ठेवलेली. भागून बघा, दर नाण्याला सुमारे १०.९ ग्रॅम. मुघल मोहोरेचं हेच वजन.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण "खोदताना मोहोरा सापडल्यात, गुपचूप स्वस्तात देतो" म्हणणारे फिरत असतात. त्यांची नाणी बहुतेक पितळेची. सोन्याची घनता १९.३, पितळेची साधारण साडेआठ. म्हणजे त्याच आकाराचं पितळी नाणं निम्म्याहूनही हलकं भरतं. आणि नाणी खरी निघाली तर ती घेणारा आणखी खोलात जातो. अपहाराने मिळवलेला माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये येतं. सराफांनीही हे ध्यानात ठेवावं.

वाडा_दुरुस्ती
बांधकामाच्या जागेवरचा सापडवणारा कोण? जेसीबीचा ऑपरेटर, माती उपसणारा मजूर, ठेकेदार की बिल्डर? सगळी भांडणं इथेच होतात.

दिवाणी_दावा
अधिनियमात सापडवणाऱ्याची व्याख्या नाही. म्हणून कलम ७ च्या चौकशीत जिल्हाधिकारी हेच आधी ठरवतात: कोणाला, कुठे, कोणत्या परिस्थितीत मिळालं. मजूर रोजावर आहे म्हणून त्याचा हक्क आपोआप मालकाकडे जातो असं कायदा म्हणत नाही. ठेकेदारांना वाद नको असेल तर कामाच्या करारातच स्पष्ट कलम घाला: निधी मिळाल्यास काम थांबवायचं, अमुक व्यक्तीने जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, वाटणी अशी. मजुराला मात्र ते त्याच्या भाषेत वाचून दाखवा आणि त्यातही न्याय्य वाटा ठेवा. ज्याच्या पहारीला मडकं लागलं त्याला पाचशे रुपये देऊन वाटेला लावायचं, हा सरळ अन्याय आहे, आणि अशा प्रकरणांची वाच्यता बहुधा त्याच माणसाकडून होते.

जुन्या खरेदीखतांत विकणाऱ्याने निधीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवलेला असू शकतो. तसं असेल तर या कायद्यापुरता मालक तोच धरला जातो. खत शेवटच्या पानापर्यंत वाचा.

भाडेकरू किंवा कुळ राहत असलेल्या जागेत दुसऱ्या कोणाला सापडलं, तर ताबा असलेल्याला जिल्हाधिकारी वेगळी लेखी नोटीस देतात.

महसूल_कारकून
प्रत्यक्ष कागद कसे फिरतात ते लिहितो.

अर्ज "मा. जिल्हाधिकारी" यांच्याच नावे करा, कारण कायद्यात अधिकार त्यांचा. प्रत तहसीलदारांना आणि पोलीस ठाण्याला. तीन प्रती छापा आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. तालुक्यापासून जिल्हा लांब असेल तर त्याच दिवशी तहसील कार्यालयात प्रत देऊन पोच घ्या, आणि मूळ अर्ज दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला स्वतः नेऊन द्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवा.

जागेवर पंचनामा होतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), पोलीस पाटील आणि दोन पंच. पंचनाम्यात गट क्रमांक, बांधापासूनचं अंतर, खोली, भांड्याचं वर्णन, नग, वजन, हे सगळं आलंय का ते सही करण्याआधी वाचा. "काही जुनी नाणी" एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका, नग आणि वजन लिहायला लावा. पुढे काही कमी भरलं तर तुमचं रक्षण करणारा कागद हाच.

ऐवज उपकोषागारात किंवा जिल्हा कोषागारात मोहोरबंद पाकिटात जातो. सील लागताना हजर राहा, पाकिटावर तुमची सही घ्यायला सांगा.

पोलीस आधी पोचले आणि त्यांनी जप्त केलं, तरी कलम ४ ची सूचना द्यायचीच. जप्ती पंचनाम्याची प्रत मागा आणि अर्जाला जोडा. पोलिसांना माहीत आहे म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं असं होत नाही.

यानंतर जाहीर सूचना निघते: अमुक ठिकाणी निधी मिळाला, हक्क असेल त्याने अमुक दिवशी हजर व्हावं. हा दिवस सूचनेपासून चार महिन्यांच्या आत नसतो आणि सहा महिन्यांच्या पुढे नसतो. म्हणजे किमान चार महिने काहीच हातात येणार नाही, ही तयारी ठेवा. त्या दिवशी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहायलाच हवं. हजर न राहणाऱ्याचा हक्क जातो.

मोडीवाचक
"आमच्या आजोबांनीच पुरलं होतं" हा दावा वाड्यांच्या बाबतीत नेहमी येतो, त्यावर कोणी लिहील का?

दिवाणी_दावा
कलम ८. निधी सापडल्याच्या तारखेआधी १०० वर्षांच्या आत दावेदाराने किंवा त्याच्या पूर्वजाने पुरला असं मानायला जागा असेल, तर जिल्हाधिकारी सुनावणी थांबवून दिवाणी दाव्यासाठी मुदत देतात. मुदतीत दावा केला नाही किंवा न्यायालयाने फेटाळला, तर निधी बेवारस ठरवता येतो. त्या आदेशावर अपिलाची मुदत दोन महिने.

दावा जिंकला तर गोष्टच वेगळी. मग ते घराण्याचं धन, सापडवणाऱ्याचा तीन चतुर्थांशही नाही.

टांकसाळ
इथे पुरावा नाण्यांतच असतो. अख्ख्या साठ्यातलं सगळ्यात *नवं* नाणं शोधा, पुरणी त्याच्या आधीची असूच शकत नाही. ९० नाणी व्हिक्टोरिया राणीची आणि एकच सहाव्या जॉर्जचं असेल, तर साठा १९३६ नंतरचा, म्हणजे आज शंभर वर्षांच्या आतला. ते एक नाणं नातवाने शाळेत दाखवायला नेलं की घराण्याचा पुरावाच गेला. डबा, त्याचा छाप, गुंडाळलेलं फडकं, वर्तमानपत्राचा तुकडा, एकही टाकू नका. मोडीतली चिठ्ठी निघाली तर उलगडायचा प्रयत्न करू नका, घडीवर कागद तुटतो. तशीच दोन पुठ्ठ्यांत ठेवा.

खापर
हे सगळ्यांनी वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पहिल्या तासात जे बिघडतं ते नंतर कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

मडकं दिसलं की जेसीबी बंद. बादलीचा दुसरा घास घेऊ नका. मडकं पूर्ण उपसून काढायची घाईही नको. आधी जागेवरच फोटो: एक लांबून, आजूबाजूची झाडं किंवा बांध दिसेल असा, आणि दोन जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. खोली टेपने मोजा. पाऊस येतोय किंवा गर्दी जमतेय म्हणून काढावंच लागलं, तर मडकं आतल्या मातीसकट उचला, फुटलेली खापरंही सोबत घ्या. मडक्याच्या घडणीवरून आणि आतल्या मातीवरूनही काळ कळतो.

धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, काही नाही. चांदीच्या जुन्या नाण्यावर जो हिरवा थर दिसतो तो बहुधा चांदीत मिसळलेल्या तांब्यातून बाहेर आलेला असतो. अक्षरं त्या थराखाली, कधी त्या थरातच टिकलेली असतात. आंबट लावलं की हिरवं जातं, नाणं पांढरंशुभ्र दिसतं, आणि राजाचं नाव पुसलं गेलेलं असतं. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं ओलाव्याने खाल्लं जातंय. कोरड्या कागदी पाकिटात वेगळं ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो.

साठा एकत्र का ठेवायचा? १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीची १३,००० हून जास्त नाणी मिळाली. क्षत्रप नहपानाची. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. हरलेल्याच्या चलनावर जिंकलेल्याची मोहोर. पाच-पन्नास नाणी बाजारात विखुरली असती तर हे *प्रमाण* कधीच कळलं नसतं. दायमाबादचं तसंच. १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खोदताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार कांस्यशिल्पं मिळाली, एकूण वजन ६० किलोच्या वर. भंगारात गेली असती तर ६० किलो धातू, एवढीच त्यांची नोंद राहिली असती.

शिवारकर
मग सरकार फक्त धातूच्या भावाने घेतं हे पटत नाही. ताम्रपटाची किंमत तांब्याच्या भावाने?

खापर
बरोबर बोट ठेवलंत. या कायद्याचं सगळ्यात दुबळं कलम हेच. सोन्याला सव्वापट जवळ मिळणारा भाव ठीक वाटतो, पण तीन पत्र्यांच्या ताम्रपटाला भंगाराचा दर अधिक वीस टक्के, आणि दगडी मूर्तीला जवळपास काहीच नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याखाली १४ दिवसांत कळवावं लागतं, पण संग्रहालयाने वस्तू घेतली तर तज्ज्ञ समितीने ठरवलेली पूर्ण बाजारकिंमत मिळते. लोक आपणहून कळवतात यामागे ते एक मोठं कारण आहे. आपल्याकडे हे कलम बदलायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते बदलेपर्यंत अर्जात एक मागणी मात्र करता येते: सापडवणाऱ्याचा नामोल्लेख पंचनाम्यात आणि संग्रहालयाच्या नोंदवहीत व्हावा.

आणि विकायचा विचार असेल तर: १०० वर्षांहून जुनी वस्तू (हस्तलिखित असेल तर ७५) पुरावशेष ठरते आणि १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. खासगी माणसाला ती देशाबाहेर नेताच येत नाही, त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. परदेशातल्या भावाकडे "आठवण म्हणून" दोन नाणी पाठवणं यातच येतं.

मोडीवाचक
किल्ल्यांवर खोदणाऱ्यांबद्दलही लिहा. मेटल डिटेक्टर घेऊन जाणारे वाढलेत.

खापर
संरक्षित स्मारकात सापडवणाऱ्याचा वाटा वगैरे भाषाच नको. केंद्राचं स्मारक असेल तर १९५८ चा कायदा, राज्याचं असेल तर १९६० चा. तिथे परवानगीशिवाय खोदणं हाच गुन्हा. केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. प्रतिबंधित भागात नवं बांधकाम करताच येत नाही; नियंत्रित भागात शेत असेल तर विहीर किंवा पाया खोदण्याआधीच परवानगी काढा.

दिवाणी_दावा
त्यालाच जोडून. गुप्तधनासाठी जादूटोणा आणि अघोरी कृत्यं करणं, नरबळी देणं किंवा त्यासाठी चिथावणं, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात थेट नमूद आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,०००. गावात असं काही शिजतंय असं वाटलं तर खड्डा पडायची वाट बघू नका, पोलिसांना तेव्हाच कळवा. यात लहान मुलांचे जीव गेलेले आहेत.

वाडा_दुरुस्ती
सातबाऱ्यावर सात सहहिस्सेदार असतील तर चतुर्थांश कोणाचा?

दिवाणी_दावा
मालकीवरून आपसात किंवा सापडवणाऱ्याशी वाद असेल तर जिल्हाधिकारी वाटप थांबवतात. त्या आदेशापासून एक महिन्यात दिवाणी दावा लावावा लागतो. कोणीच लावला नाही तर वादातला वाटाही सापडवणाऱ्याकडे जातो (कलम १३ ते १५). भावकीने भांडायचं असेल तर भांडावं, पण महिना मोजून.

शिवारकर
अर्जाचा नमुना कोणी देईल का? गावातल्या सेतू केंद्रात चिकटवून ठेवता येईल.

महसूल_कारकून
हा घ्या. रिकाम्या जागा भरा, शोभेची वाक्यं घालू नका.

> प्रति, मा. जिल्हाधिकारी, जि. ……
> विषय: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८, कलम ४ अन्वये सूचना.
> महोदय,
> दि. …… रोजी …… वाजता मौजे ……, ता. …… येथील गट क्र. …… मध्ये विहिरीचे खोदकाम करीत असताना जमिनीपासून …… फूट …… इंच खोलीवर मला पुढील वस्तू मिळून आल्या: मातीचे मडके १ (काठ फुटलेला), त्यात …… धातूची नाणी …… नग, एकूण वजन …… ग्रॅम (घरगुती काट्यावर). धातूच्या वजनावरून अंदाजे मूल्य रु. ……
> सदर जमीन …… यांचे नावे असून ७/१२ उतारा सोबत जोडला आहे. खोदकामाचे वेळी …… व …… हजर होते.
> सदर वस्तू साफ केलेल्या नाहीत व त्यांत कोणताही फेरफार केलेला नाही. त्या कोषागारात जमा करण्यास, अथवा आपण ठरवाल ते तारण देण्यास मी तयार आहे.
> सोबत: छायाचित्रे …… नग, ७/१२ उतारा, ओळखपत्राची प्रत.
> प्रत: तहसीलदार, ……, पोलीस निरीक्षक, ……

टांकसाळ
नमुन्यात एक भर. नाणी एकमेकांना चिकटून गड्डा झालेला असेल तर नग मोजायला तो सोडवू नका, नाणी उपटली की एकाचा ठसा दुसऱ्याला चिकटून निघतो. "सुटी नाणी …… नग, चिकटलेला गड्डा १, वजन …… ग्रॅम" असं लिहा आणि गड्ड्याचे चारी बाजूंचे फोटो जोडा. मोजणी पुरातत्त्व विभागाच्या प्रयोगशाळेत होईल, तिचा अहवाल अर्जाचा क्रमांक देऊन मागा.